उघड्या अंगाचा उंदीर

आपल्या आसपासचा प्रत्येक उंदीर टकलू जन्माला येतो. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर धान्याच्या पोत्यांमागे राहणारा, कल्याणच्या रेल्वे यार्डातला, डोंबिवलीच्या जुन्या चाळीच्या माळ्यावरचा, झाडून सगळे! नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं वजन जेमतेम पाच-सहा ग्रॅम, रुपयाच्या दोन नाण्यांपेक्षाही कमी. डोळे मिटलेले, कान मिटलेले, अंग गुलाबी. कातडी तर इतकी पातळ, की पिल्लू आईचं दूध प्यायलं की पोटातलं ते पांढरं दूध बाहेरून दिसतं. आईने कोणाला पाजलं आणि कोण उपाशी राहिलंय, हे पिल्लाकडे नुसतं पाहून सांगता येतं.

मग आठवड्याभरात अंगावर बारीक लव येते. साधारण चौदाव्या दिवशी डोळे उघडतात, तोवर कोट तयार झालेला असतो. पुढे आयुष्यभर तो कोट अंगावरच.

पण काही थोड्या उंदरांच्या बाबतीत वेगळंच घडतं. त्यांचा कोट येतच नाही, किंवा येतो आणि दोन-तीन आठवड्यांत गळून जातो. मोठं झाल्यावरही ते गुलाबीच राहतात. खांद्यापाशी कातडीच्या घड्या, मोठे पातळ कान आणि तोंडाशी आखूड, वाकड्यातिकड्या मिशा. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दोन पावलं मागे सरकतो. दुसऱ्यांदा पाहणारा जवळ येतो, कारण कान इतके पातळ असतात की प्रकाशात धरले तर आतल्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसते.

परदेशात असे उंदीर बरीच वर्षं हौसेने पाळले जातात. आपल्याकडेही कुणाकुणाच्या घरी ते दिसू लागले आहेत. तुमच्यापैकी कुणाला असा उंदीर घरी आणावासा वाटत असेल, तर आधी एक प्रश्न नीट सोडवू या. अंगावरचे केस गेले, तर उंदराचं नक्की काय काय जातं?

त्याआधी ओळख करून घेऊ, कारण आपल्या भागात उंदीर म्हटलं की सगळे एकाच टोपलीत पडतात. माळ्यावर, नारळाच्या झाडावर सरसर चढणारा, शेपूट अंगाहून लांब असलेला तो काळा उंदीर. गटाराच्या कडेने मातीचे ढीग काढत बीळ करणारी दांडगी घूस दुसऱ्याच प्रजातीतली. रात्री भिंतीच्या कडेने चिक्‌चिक्‌ करत, उग्र वास सोडत पळणारी चिचुंद्री तर उंदीरच नाही, ती किडे खाते. आणि पाळीव उंदीर हा या सगळ्यांहून वेगळा, तपकिरी उंदराच्या घराण्यातला. शास्त्रज्ञ त्याला रॅटस नॉर्वेजिकस म्हणतात. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर याच घराण्यातला, आणि आपला टकलूही.

तो पाळीव कसा झाला ते ऐका. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. पकडलेल्या शेकडो उंदरांत मधूनच एखादा पांढरा, एखादा ठिपक्यांचा निघायचा. जॅक असे वेगळे उंदीर मारायचा नाही. ते पिंजऱ्यात वाढवायचा, त्यांची पिल्लं जोपासायचा आणि हौशी लोकांना विकायचा. शांत स्वभावाची पिल्लं निवडत निवडत कित्येक पिढ्या गेल्या आणि माणसाच्या खांद्यावर बसून झोपणारा उंदीर तयार झाला.

आता केसांकडे वळू. केस उगवायचा म्हणजे त्वचेतल्या पेशींना सूचना हव्यात: इथे खड्डा कर, इथून दोरा बाहेर काढ, इतका लांब झाला की थांब. या सूचना जनुकांमध्ये लिहिलेल्या असतात. सूचनांची साखळी लांबलचक आहे आणि कुठल्याही एका कडीत चूक झाली तरी केसांचं काम बिघडतं. म्हणूनच सगळे टकलू उंदीर एका कारणाने टकलू नसतात. वरून सारखे दिसतात, आतून निराळे.

एक प्रकार समजायला सोपा आहे. काही उंदरांचे केस कुरळे असतात. आईकडून किंवा बाबांकडून कुरळेपणाच्या जनुकाची एक प्रत मिळाली तर केस कुरळे होतात. दोघांकडून एकेक, अशा दोन प्रती मिळाल्या तर मात्र केस टिकतच नाहीत. आज पाठीवरचे गळाले, थोड्या दिवसांनी तिथे परत आले, तोवर मानेवरचे गेले. अंगावर नकाशा सतत बदलत राहतो! दोन कुरळ्या उंदरांची पिल्लं झाली तर सरासरीने चारांतलं एक सरळ केसांचं, दोन कुरळी आणि एक टकलू निघतं. कागदावर चार चौकोन काढा, आईच्या दोन प्रती वर लिहा, बाबांच्या दोन बाजूला, आणि चौकोन भरा. मेंडेल या शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या रोपांवर जे गणित मांडलं, ते तुमच्या वहीत उंदरावर उतरेल.

दुसरा प्रकार अधिक गूढ आहे. 1953 मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन शहरातल्या राउएट संशोधन संस्थेत केस नसलेले काही उंदीर आढळले. 1962 मध्ये त्याच देशात, ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, टकलू छोटे उंदीर, म्हणजे माऊस, आढळले. हे छोटे उंदीर वारंवार आजारी पडत, लवकर मरत. का, ते कळेना. 1968 मध्ये उलगडा झाला. त्यांच्या छातीत थायमस नावाची ग्रंथीच नव्हती. तुमच्या-माझ्या छातीच्या हाडामागे ती असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात, आपला कोण आणि परका कोण हे तिथे शिकतात. थायमस नाही म्हणजे ही शाळाच नाही. त्यामुळे त्या उंदरांचं शरीर परक्याला परकं म्हणतच नसे. 1973 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा उंदरांच्या अंगावर इतर प्राण्यांच्या कातडीचे तुकडे लावून पाहिले, तर ते चक्क जगले. कोंबडीच्या कातडीच्या तुकड्याला तर उंदराच्या पाठीवर पिसं फुटली!

आणि केस? 1994 मध्ये ते जनुक सापडलं. आज त्याला फॉक्स-एन-1 म्हणतात. हे एकटं जनुक दोन कामं सांभाळतं, केसांचं आणि थायमसचं. ते बिघडलं की दोन्ही जातं. वरवर पाहता केसांचा आणि तापाच्या जंतूंशी लढण्याचा संबंध कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

घरी पाळले जाणारे टकलू बहुधा या दुसऱ्या प्रकारचे नसतात, त्यांना थायमस असते. पण नुसतं बघून ते सांगता येत नाही. म्हणून घेण्याआधी विचारायचं, याचे आईबाबा किती जगले, सारखे आजारी पडायचे का? उत्तर मिळालं नाही तर उंदराला आधी डॉक्टरांकडे न्यायचं.

ही गोष्ट फक्त स्कॉटलंडची नाही बरं का. आपल्या मुंबईतही एक टकलू घराणं जन्मलं आहे. परळला कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट होती. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी याच संस्थेत देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवणारी. संस्थेत पांढऱ्या छोट्या स्विस उंदरांची एक पैदास होती, आणि तिच्यात आपोआप, कुणी काही न करता, केस नसलेले उंदीर निपजले. त्यांना 'बेअर' उंदीर म्हणू लागले. उघड्या कातडीवर काय उमटतं ते पटकन दिसतं, म्हणून त्यांच्यावर अभ्यास झाले. पान मसाल्याचा अर्क त्वचेवरच्या गाठी वाढायला मदत करतो, हे 1998 मध्ये छापून आलेल्या अशाच एका अभ्यासातून पुढे आलं. टपरीवर लोंबणाऱ्या त्या चकचकीत पुड्या आठवा. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळलं, त्यात या बिनकेसांच्या जिवांचा वाटा आहे, आणि त्यासाठी त्यांनी सोसलं आहे. मला ते विसरावंसं वाटत नाही. ही संस्था आता नवी मुंबईत खारघरला आहे. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली की खारघर स्टेशन वाटेतच लागतं.

चला, आता घरात येऊ. डोंबिवलीत माझ्या मैत्रिणीच्या मुलीने दोन टकलू माद्या दत्तक घेतल्या आहेत, लाडू आणि करंजी. मी गेले तेव्हा तिने लाडूला आजीच्या ओंजळीत ठेवलं. आजीने आधी तोंड वाकडं केलं होतं, पण हातात आल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या.

"अगं, हिला ताप आलाय! केवढं अंग तापलंय बघ."

"नाही गं आजी, ती अशीच असते."

"अशीच कशी असेल? मावशीलाच हात लावून बघू दे बरं."

मी हात लावला. खरंच गरम! पण ताप नव्हता. उंदराचं तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास असतं, जवळजवळ आपल्याइतकंच. केसाळ उंदराला हात लावला तर आपली बोटं कोटाच्या बाहेरच्या थरापर्यंतच पोचतात. लाडूला कोट नाही, म्हणून आजींच्या तळव्याला थेट तिच्या अंगाची ऊब लागली. आजींना जी ऊब जाणवली ती लाडूच्या अंगातून निघून चालली होती. दिवसरात्र ती अशीच निघत असते.

लहान अंगातून ऊब फार लवकर जाते. आईला सांगून एक मोठा आणि एक लहान बटाटा एकदम उकडा आणि ताटलीत ठेवा, लहान किती आधी निवतो ते बघा. उंदीर हा तो लहान बटाटा, आणि त्यात बिनकोटाचा. मग गेलेली ऊब भरून काढायची कशी? खाऊन! म्हणून टकलू उंदीर केसाळ उंदरापेक्षा जास्त खातो, आणि वाटी रिकामी ठेवून चालत नाही. उंदरांसाठीचं तयार खाणं मिळालं तर ते मुख्य ठेवायचं. जोडीला ज्वारी-बाजरीचे दाणे, मोड आणून वाफवलेले मूग, गाजर, काकडी, कधीमधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. फरसाण, वेफर्स, चॉकलेट नाही. कच्चा राजमा तर मुळीच नाही.

खाण्याबद्दल एक चकित करणारी गोष्ट. उंदराला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर फेकायची सोयच त्याच्या शरीरात नाही. म्हणूनच नवा पदार्थ दिसला की तो आधी जरासा कुरतडून बघतो आणि थांबतो. पोटात दुखलं नाही तर पुढच्या वेळी जास्त खातो. तुमच्या सोसायटीत उंदीर मारायचं औषध टाकलं असेल, तर पाळीव उंदीर पिंजऱ्याबाहेर एकटा कधीच सोडू नका.

कोटाचं पहिलं काम ऊब राखण्याचं. दुसरं काम आहे चिलखताचं. उंदीर एकमेकांशी लुटुपुटूची कुस्ती खेळतात, एकमेकांना उताणं पाडतात. केसाळांना नखं लागत नाहीत, टकलूच्या अंगावर मात्र ओरखडे उठतात. स्वतःचा कान खाजवतानाही तो स्वतःला ओरबाडतो. त्यामुळे नखांची टोकं बोथट ठेवावी लागतात, आणि हे काम मोठ्यांनी करायचं. पिंजऱ्यात तारेचं टोक, तुटक्या प्लास्टिकची धार राहू द्यायची नाही. तळाला नुसती जाळी नको, तिने पायांना फोड येतात. लाकडाचा भुसाही नको. त्यातली धूळ नाकात आणि डोळ्यांत जाते, आणि टकलूच्या पापण्यांचे केसही नीट नसल्याने डोळ्यांना राखणदार नाही.

मग अंथरायचं काय? आपल्याकडे याचं उत्तम उत्तर आहे, जुन्या मऊ सुती साडीची छोटी गोधडी! फक्त कडा नीट शिवलेल्या हव्यात, सुटा धागा पायाच्या बोटात अडकला तर रक्त थांबतं. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून अशा चार-पाच गोधड्या हव्यात. ओलसर गोधडी उघड्या कातडीला लागली की पुरळ येतं. शिवाय लघवीत भिजलेल्या कापडातून अमोनियाचा वास सुटतो, आणि उंदराची फुप्फुसं नाजूक असतात. उंदीर सारखा शिंकत असेल, छातीतून घरघर येत असेल, तर वाट बघायची नाही. एमआयडीसीकडून उग्र वास येतो त्या रात्री पिंजऱ्याजवळची खिडकी लावून घ्यायची.

तिसरं काम तेलाचं. त्वचा तेल सोडते आणि केस ते पसरवून घेतात. केस नसले की तेल जागच्या जागी साचतं, अंग चिकट होतं, पाठीवर बारीक पुटकुळ्या येतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने हलकेच पुसायचं, एवढं पुरतं. अत्तर, पावडर, सुगंधी साबण काही नको. थंडीत त्वचा कोरडी झालीच तर बोटाला लागेल इतकंच खोबरेल तेल. ते तो लगेच चाटून टाकतो, पण त्याने काही बिघडत नाही.

कधी डोळ्याच्या कोपऱ्यात लाल थेंब दिसेल आणि तुम्ही घाबराल. ते बहुतेक वेळा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर द्रव येतो, त्यात पॉर्फिरिन नावाचा रंग असतो. अतिनील दिव्याखाली तो गुलाबी चमकतो! थोडासा आला तर पुसून घ्या. वारंवार येत असेल तर उंदीर आजारी आहे किंवा फार घाबरलेला आहे.

आणि मिशा. उंदराची नजर अधू असते. तो जग पाहतो ते मिशांनी. चालताना मिशा सेकंदाला आठ-दहा वेळा पुढेमागे झुलवतो आणि भिंत किती लांब, भोक किती रुंद, सगळं टिपतो. प्रत्येक लांब मिशीसाठी मेंदूत पेशींचा एक स्वतंत्र पुंजका असतो, हे 1970 मध्ये छोट्या उंदराच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळलं. टकलूच्या मिशा आखूड आणि वळलेल्या. म्हणजे त्याचं मोजमापाचं साधनच तोकडं. त्याच्या पिंजऱ्यातल्या वस्तू रोज इकडच्या तिकडे करू नका. झोपायची झोळी जिथे आहे तिथेच राहू दे, पाण्याची बाटलीही. त्याला अंधारात पाठ झालेल्या वाटा असतात.

एवढं ऐकून वाटेल, टकलू उंदराला धोका फक्त थंडीचा. जानेवारीच्या पहाटे कल्याणकडे पारा 15-16 अंशांवर उतरतो, तेव्हा जास्तीची गोधडी आणि झोपायला बंद खोकं लागतंच. पण आपल्या भागात खरी भीती उन्हाळ्याची. उंदीर आपल्यासारखा अंगभर घामाने भिजत नाही, कुत्र्यासारखा जीभ काढून धापा टाकत नाही. अंग थंड करायला त्याच्याकडे मुख्यतः शेपूट आहे. उकडलं की शेपटीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त तिथे येतं आणि उष्णता हवेत सोडतं. थंडीत त्याच वाहिन्या आवळून घेतात. केसाळ उंदराची शेपूटही उघडी का, त्याचं उत्तर हे!

पण हवाच अंगाइतकी गरम असली तर शेपूट उष्णता देणार कुणाला? एप्रिल-मे महिन्यांत कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी नेमकी वीज जाते. पिंजरा गॅलरीत कधीच नाही, पत्र्याच्या शेडखाली तर नाहीच. थेट ऊनही नको, उघडी कातडी भाजते. घरातली सगळ्यात थंड खोली निवडा. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा गुळगुळीत तुकडा ठेवा, उंदीर त्यावर पोट टेकून पडतो. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. पंखा थेट अंगावर नको. उंदीर आडवा पडून भराभर श्वास घेत असेल, तोंडातून लाळ येत असेल, तर शेपूट आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाने नाही, आणि लगेच डॉक्टर गाठा.

डॉक्टरांवरून आठवलं, हे काम उंदीर आणण्याआधीचं आहे. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर ठाण्यात, डोंबिवलीत भरपूर आहेत, पण सगळेच उंदीर तपासत नाहीत. फोन करून विचारून ठेवा. मोठं दुखणं असेल तर परळ आहे. तिथे प्राण्यांचं जुनं नावाजलेलं रुग्णालय, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, आणि त्याच आवारात 1886 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. फक्त संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने पिंजरा नेऊ नका.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ती आईबाबांनाही वाचून दाखवा. बिळाशेजारी सापडलेलं गुलाबी पिल्लू हे दत्तक घ्यायचं पिल्लू नाही. आपल्या भागातल्या रानटी उंदरांच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे जंतू राहतात. उंदराला त्यांचा त्रास होत नाही. पण लघवीतून ते बाहेर पडतात, साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, उल्हास नदी कल्याण-बदलापुरात शिरली. त्यानंतरच्या दिवसांत मुंबई परिसरात लेप्टोची साथ आली, ती याच वाटेने. म्हणून पाळीव उंदराचा पिंजरा, खाणं आणि गोधड्या रानटी उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणीच हव्यात. रानटी उंदराचा जंतू पाळीव उंदरालाही लागू शकतो. उंदराला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याचा पापा घ्यायचा नाही, आणि चावला तर लपवायचं नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

उंदीर एकटा ठेवायचा नाही. तो कळपातला जीव आहे, एकमेकांच्या अंगावर अंग टाकून झोपतो. टकलूला तर सोबतीची ऊबही हवी असते. दोन घ्या, पण दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर. नाहीतर बावीस-तेवीस दिवसांत आठ-दहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्याची होता होता पुन्हा पिल्लं द्यायला तयार! काही टकलू घराण्यांत आईला पुरेसं दूधही येत नाही, पिल्लं उपाशी मरतात. माझं मत विचाराल तर टकलू पिल्लं हौसेखातर मुद्दाम जन्माला घालू नयेत. पण जे जन्मले आहेत, ज्यांना घर हवंय, त्यांना जरूर घ्यावं. कुणाची बदली झालेली असते, कुणाला बाळाच्या जन्मानंतर झेपत नाही. असे उंदीर आधी शोधा.

आणि घ्यावं असं मी का म्हणते, तेही सांगते. कारण उंदीर हसतात.

हो, खरंच. अमेरिकेत याक पँकसेप नावाचे शास्त्रज्ञ होते. 1990 नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना पोटावर, मानेवर गुदगुल्या केल्या आणि फार उंच आवाज पकडणारं यंत्र लावलं. आपल्या कानाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. यंत्रात उंदरांचे आवाज उमटले पन्नास हजार हर्ट्झच्या आसपास! हेच आवाज ते एकमेकांशी खेळतानाही काढतात. गुदगुल्या थांबल्या की उंदीर त्या हातामागे धावत, पुन्हा कर म्हणून. 2019 मध्ये बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लपाछपी शिकवली. कधी उंदीर लपायचा, कधी राज्य घ्यायचा. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, सापडलं की फक्त गुदगुल्या आणि खेळ. लपलेला उंदीर गुपचूप बसायचा, तो चित्कारही बंद! त्याआधी 2011 मध्ये शिकागोत दिसलं, की नळीत अडकलेल्या सोबत्याला उंदीर स्वतः दार उघडून सोडवतो. शेजारी चॉकलेटचे तुकडे ठेवले तरी बऱ्याचदा सोबत्यासाठी त्यातले काही शिल्लक ठेवतो.

यातून घरासाठी एक सूचना निघते. उंदीर पळवणारं, प्लगला लावायचं ते यंत्र घरात असेल तर काढून टाका. ते आपल्याला ऐकू येत नाही, पण पाळीव उंदराच्या कानाशी दिवसरात्र ओरडत असतं.

उंदीर घरी आला की पहिले दोन दिवस त्याला पिंजऱ्यातच राहू द्या. तुम्ही जवळ बसून अभ्यास करा, हळू बोला, आवाज ओळखीचा होऊ द्या. मग चमच्यावर थोडं दही पुढे करा. चमच्यावरून चाटायला लागला की तळव्यावरून. शेपटीला धरून कधीही उचलायचं नाही, तिची कातडी सोलून निघते. दोन्ही हातांची ओंजळ करून, चारही पाय टेकतील असं घ्यायचं. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा.

पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. तुम्ही पाचवीत घेतलात तर सातवी-आठवीत त्याचं म्हातारपण येईल. मागचे पाय अशक्त होतील, तेव्हा पिंजऱ्यातली वरची फळी काढून सगळं खाली आणावं लागेल, वाटीची कड बुटकी करावी लागेल. घरातल्या सगळ्यांना हे मान्य आहे ना, ते एकदा बसून बोला. आजींनाही विचारा. डोंबिवलीच्या आजी आता लाडूसाठी रोज ज्वारी निवडून ठेवतात.

आणि एक वही करा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडगा ठेवून, त्यात उंदराला बसवून वजन घ्या आणि तारखेसह लिहा. वाडगा फक्त याच कामाचा ठेवा. टकलू उंदीर आजारी पडला की आधी वजन उतरतं, बाकीचं मागून दिसतं. खाणं बदललेलं नसताना सलग दोन रविवार आकडा खाली गेला, तर तिसऱ्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा आणि वही सोबत न्या.